मोठ्या बाटल्यातून छोट्यात गॅस भरू नका: बाटला घेण्यापासून बदलण्यापर्यंतची माहिती

गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. काळाचौकीच्या एका वहिनींचा मुलगा कांजूरमार्गला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, त्याला चहापुरता गॅस द्यायचा होता. दुसरा भुर्जीपावची गाडी लावणारा. तिसरा आमच्याच चाळीतला, गणपतीला गावी न्यायला त्याला छोटा बाटला भरून हवा होता. तिघांचंही म्हणणं एकच होतं, "काका, तुम्ही गॅसच्या लाइनीतले. मोठ्या बाटल्यातून छोट्यात गॅस नीट कसा भरायचा, तेवढं दाखवा."

लालबाग-परळ भागात मी २६ वर्षं गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. तिघांनाही मी नाही म्हटलं, आणि प्रत्येकाला शेजारी बसवून का नाही तेही सांगितलं. घरात एका बाटल्यातून दुसऱ्यात गॅस भरण्याची सुरक्षित रीत कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. घरच्या माणसाच्या हातात येतं ते एवढंच: रिकाम्या बाटल्यावरचा रेग्युलेटर काढून भरलेल्यावर बसवणं. तेवढ्यातही किती बारकावे आहेत ते पुढे सांगतोच. आधी भरण्याचं बघू, कारण माणसं तिथेच जीव गमावतात.

बाटल्यात गॅस असतो तो द्रवाच्या रूपात. प्रोपेन आणि ब्युटेन यांचं हे मिश्रण दाबाखाली पातळ होतं. आपल्या लाल बाटल्यात १४.२ किलो गॅस म्हणजे साधारण २६ लिटर द्रव असतो आणि बाटला असतो ३३ लिटरचा. वरची सुमारे पाचवा हिस्सा जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. उन्हाने किंवा शेगडीच्या धगीने बाटला तापला की आतला द्रव फुगतो, त्याला पसरायला ती जागा लागते. उरणच्या बॉटलिंग प्लांटमध्ये बाटला वजनावर भरतात, ठरलेलं वजन झालं की भरणं थांबतं, मग गळती तपासून सील लागतं. घरात भरणारा काय बघतो? हाताला जड लागला की झाला. छोटा बाटला काठोकाठ भरला गेला तर बाहेरून काहीच कळत नाही. तो गॅलरीत उन्हात ठेवला आणि आतला द्रव थोडासा जरी तापला, तरी पसरायला जागा नसल्याने दाब भराभर चढतो. मग एकतर व्हॉल्व्ह सुटतो नाहीतर पत्रा फाटतो.

दुसरी गोष्ट गळतीची. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत या वायूचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोचलं की ठिणगीची वाट बघत राहतं. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची चाळीतली खोली घ्या. एक लिटर द्रव, म्हणजे जेमतेम अर्धा किलो गॅस, त्या खोलीची निम्मी हवा पेटण्याजोगी करायला पुरतो. आणि तो निम्मा भाग खालचा असतो, कारण हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, दाराच्या फटीतून जिन्यावरून खाली जातो. खालच्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात निरांजन लावलेलं असतं, कुठे फ्रिजचा थर्मोस्टॅट आपोआप चालू होतो. भरणाऱ्याने स्वतः काडी ओढायची गरजच नसते.

मी हे जवळून पाहिलं आहे. शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मागच्या बाजूला छोटे बाटले भरून द्यायचे. तिथल्या पोराच्या हातावर जोडणीतून द्रव उडाला. भाजलं असेल म्हणून मी धावलो, तर बोटं पांढरीफटक, लाकडासारखी कडक झालेली. हा द्रव उघड्या हवेत येताच उकळतो आणि उकळताना कातडीची सगळी उष्णता ओढून घेतो. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं होतं. त्या वेळी आजूबाजूला काही पेटलेलं नव्हतं म्हणून ते दुकान आणि वरची माणसं वाचली. पुढे कित्येक वर्षं मी ज्या ज्या घरात गेलो तिथे ओट्याखाली डोकावून असा बिनमार्क्याचा छोटा बाटला आहे का ते बघत असे, आणि दिसला की घरच्या बाईला बाहेर बोलावून समजावत असे.

कायद्यानेही हे बंद आहे. २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार आणि २०००च्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार परवान्याशिवाय एका बाटल्यातून दुसऱ्यात गॅस भरता येत नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली त्यासाठी तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग छोटा गॅस कुठून घ्यायचा

पाच किलोचा बाटला सरकारी तेल कंपन्या स्वतःच विकतात. एकट्या राहणाऱ्यांसाठी, मुंबईत नोकरीला आलेल्यांसाठी तो आहे. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. एजन्सीत मिळतो, काही पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांतही मिळतो. संपला की रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, आणि तोही त्याच कंपनीच्या कुठल्याही एजन्सीत. कांजूरमार्गच्या मुलाचा प्रश्न तिथेच मिटला. रेग्युलेटर आणि नळी मात्र एजन्सीतूनच घ्या. पदपथावर मिळणारे, डोक्यावर बर्नर बसवलेले बिनमार्क्याचे बाटले घेऊ नका. त्यांच्या व्हॉल्व्हची आणि पत्र्याची कोणी चाचणी केलेली नसते.

गाडी लावणाऱ्याने हाच पाच किलोचा किंवा १९ किलोचा निळा व्यावसायिक बाटला वापरायचा. घरगुती लाल बाटला धंद्यासाठी वापरणं गुन्हा आहे. महाग पडतं हे मला ठाऊक आहे. पण गर्दीच्या रस्त्यावर, लोकांच्या पायाशी तुम्ही गॅस ठेवता आहात, तेव्हा तो धड बाटल्यातच हवा.

गावी नेण्याचं तर मनातही आणू नका. रेल्वेतून गॅसचा बाटला नेणं गुन्हा आहे. भरल्या डब्यात काय होईल ते कोकणात जाणाऱ्या गाडीची गणपतीतली गर्दी पाहिलेल्याला सांगायला नको. गावाजवळच्या एजन्सीला आधी फोन करून ठेवा आणि बाटला तिथेच घ्या.

बाटला दारात आला की

ओटीपी बाटला बघितल्यावरच सांगायचा. फोनवर आधी मागितला तर देऊ नका. गॅसवाल्याला घाईत जिन्यावरून बाटला आदळत आणू देऊ नका, हे प्रेमाने सांगितलं की ती मुलंही ऐकतात. तीन-चार मजले चढून आलेल्याला आधी पाणी विचारा, मग तपासणीला बसा.

पहिलं सील बघा, तुटलेलं असेल तर बाटला परत. मग वजन. बाटल्याच्या वरच्या कड्यावर रिकाम्या बाटल्याचं वजन कोरलेलं असतं, बहुधा पंधरा-सोळा किलोच्या आसपास. त्यात १४.२ मिळवा. काट्यावर तेवढंच भरलं पाहिजे. काटा गॅसवाल्याजवळ असायलाच हवा आणि मागितल्यावर वजन करून दाखवणं त्याचं काम आहे. वजन कमी भरलं तर कुणीतरी वाटेत त्यातून गॅस काढला आहे असं धरून चाला. म्हणजे त्या व्हॉल्व्हशी खेळ झालेला आहे, आणि पैशाच्या नुकसानीपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

त्याच कड्याच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. आकडे वर्षाचे. 'सी २८' असेल तर सप्टेंबर २०२८पर्यंत त्या बाटल्याची पुढची चाचणी व्हायला हवी. ती तारीख उलटलेला बाटला घेऊ नका.

शेवटी व्हॉल्व्ह. टोपीला जोडलेली नायलॉनची दोरी खेचून टोपी काढायला सांगा. हे करताना घरात कुठेही ज्योत नको. आत डोकावलं की काळं रबरी वायसर दिसतं. ते नसेल, चिरलेलं असेल किंवा तिरकं बसलं असेल तर रेग्युलेटर कितीही नीट लावा, गॅस गळणारच. मग व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघायचं. आले तर तो बाटला उंबऱ्याच्या आत घ्यायचाच नाही. माझ्या सगळ्या वर्षांत गळतीच्या निम्म्याहून जास्त तक्रारींत हे वीतभरसुद्धा नसलेलं वायसरच निघालं. आणि ते तपासायला अर्धं मिनिट लागतं.

बाटला बदलताना

रात्री भात अर्धवट शिजलेला असतो, गॅस संपतो, आणि माणूस घाईत बाटला बदलायला जातो. बहुतेक चुका तेव्हाच होतात. भात थांबेल.

घरातली प्रत्येक ज्योत विझवा: समई, निरांजन, उदबत्ती, डासांची अगरबत्तीसुद्धा. खिडक्या आणि गॅलरीचं दार उघडा. विजेचा दिवा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. मध्येच बटणाला हात नको. लहान मुलांना बाहेर पाठवा.

शेगडीची सगळी बटणं बंद आहेत ना ते एकेक करून बघा. रेग्युलेटरचा खटका बंदच्या खुणेवर आणा. मग रेग्युलेटरखालचं काळं प्लॅस्टिकचं कडं वर ओढून रेग्युलेटर सरळ वर उचला. हिसके मारू नका, तिरका ओढू नका. रिकाम्या बाटल्यावर लगेच टोपी लावा. रिकामा म्हणतो तो बाटला खरं तर रिकामा नसतो, आत वायू शिल्लक असतो.

भरलेला बाटला उभाच ठेवायचा, सपाट जमिनीवर, शेगडीपेक्षा खाली. टोपी काढा, वास घ्या, कान देऊन सूं असा आवाज येतो का ऐका. काही नसेल तर रेग्युलेटरचा खटका बंद ठेवूनच काळं कडं वर धरा, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ ठेवून जरासा फिरवत खाली दाबा, तळाशी टेकला की कडं सोडा आणि खाली दाबा. टक् असा आवाज येतो. आता रेग्युलेटर वर उचलून पाहा, तो सुटता कामा नये. बसत नसेल तर हातोडी, पक्कड, तेल, साबण यांपैकी काहीही आणू नका. पुन्हा काढून लावा, तरी जमलं नाही तर टोपी लावून एजन्सीला फोन करा.

यानंतरची पायरी नव्वद टक्के घरांत कोणी करत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाटीत भांड्याचा साबण फेसाळून घ्या. शेगडी बंदच ठेवून रेग्युलेटरचा खटका चालू करा आणि तो फेस रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि पूर्ण नळीभर बोटाने लावा. फेस तसाच राहिला तर ठीक. एका जागी बुडबुडा फुगत राहिला तर तिथे गळती आहे. खटका बंद, रेग्युलेटर काढा, टोपी लावा, मेकॅनिकला बोलवा. काडी पेटवून गळती शोधणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, वास येत नसला तरी.

सगळं ठीक असेल तर आधी लायटर किंवा काडी पेटवा, मग शेगडीचं बटण फिरवा. उलट क्रमाने केलं की पेटायच्या आधीच गॅस जमतो.

नळीबद्दल एवढंच: आयएसआय खुणेची, सुरक्षा म्हणून मिळणारी नारिंगी नळीच वापरायची, लांबी दीड मीटरच्या आत, मध्ये जोड नाही, भिंतीच्या भोकातून नेलेली नाही. पाच वर्षं झाली की बदलायची, चिरली नसली तरी. नळीवर तारीख छापलेली असते. स्वच्छता म्हणून नळीला कापडाची खोळ शिवणाऱ्या गृहिणींना मी हात जोडतो. खोळीखाली चीर दिसत नाही.

ओट्याखाली बाटल्यासाठी बंद कपाट करून घेतलं असेल तर त्याच्या दारांना अगदी खाली भोकं पाडून घ्या. वर जाळी ठेवून उपयोग नाही, हा गॅस खाली बसतो. पाइपच्या गॅसचं उलट, तो हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. तुमच्याकडे पाइपलाइन आली असेल तर जुनी शेगडी तशीच जोडू नका, बर्नरला गॅस सोडणारे बारीक भोकाचे जेट बदलून घ्यावे लागतात. आणि बाटला एजन्सीत परत करा, अनामत मिळते.

शेवटचा गॅस काढायची धडपड

ज्योत मंद झाली की बाटला आडवा करणं, हलवणं, गरम पाण्याच्या परातीत बसवणं हे मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिलं आहे. बाटला उभा असतो तेव्हा वरचा वायू रेग्युलेटरमधून जातो. आडवा केला की थेट द्रव शिरतो. त्याचं पुढे अडीचशेपट आकारमान होतं, आणि शेगडीवर एकाएकी हातभर ज्वाला उठते. वाचणारा गॅस असतो कपभर चहापुरता. किती गॅस उरला हे बघायचं असेल तर ओल्या फडक्याने बाटला पुसा. द्रव असलेला खालचा भाग थंड राहतो, तिथलं पाणी उशिरा वाळतं. गॅस संपत आला की वासही जरा जास्त येतो, कारण वासासाठी घातलेलं मर्कॅप्टन मागे राहून दाट होतं. पण वास आला की "संपत आला असेल" म्हणून सोडून देऊ नका. फेस लावून खात्री करा.

गॅसचा वास भरला तर

विजेचं कोणतंही बटण चालू करायचं नाही, बंदही करायचं नाही. बेल, एक्झॉस्ट पंखा, मोबाइल, काहीच नाही. ज्योती विझवा. रेग्युलेटर बंद करा, काढा, टोपी लावा. दारं-खिडक्या उघडा आणि माणसांना बाहेर काढा. शेजाऱ्यांना ओरडून, दारावर हाताने थाप मारून सांगा, आणि खालच्या मजल्यावरच्यांना सगळ्यात आधी, कारण गॅस त्यांच्याकडेच उतरतो आहे. नाकावर विसंबून घरात थांबू नका. थोड्या वेळाने नाकाला सवय होते आणि वास गेला असं वाटतं.

टोपी लावूनही गळती थांबत नसेल आणि काही पेटलेलं नसेल तर बाटला उभाच उचलून मोकळ्या हवेत न्या. लिफ्टमधून नाही. गटाराच्या झाकणापाशी किंवा चौकातल्या होळीच्या खड्ड्यातही ठेवू नका. फोन इमारतीबाहेर जाऊन करा: गॅस गळतीसाठी १९०६, चोवीस तास चालू. अग्निशमन दल १०१.

रेग्युलेटरपाशी पेटलंच आणि खटक्यापर्यंत हात पोचत असेल तर तो बंद करा. ओलं जाड फडकं हातावर घेतलं तर मदत होते. ज्वाला बाटल्यावरच वाकून येत असेल, किंवा पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, तर सोडून बाहेर पडा. घर पुन्हा उभं करता येतं. कोणी भाजलं तर नळाखाली निदान वीस मिनिटं साधं पाणी सोडा, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही न लावता दवाखान्यात न्या.

पावसाळ्यात बैठ्या घरांसाठी

२६ जुलै २००५च्या पुरानंतर आम्हा मेकॅनिकांना कुर्ल्याला मदतीला पाठवलं होतं. बैठ्या घरांमध्ये बाटले तरंगून माळ्याला टेकलेले, काही रेग्युलेटरसकट उलटे झालेले. रिकामाच काय, भरलेला लाल बाटलाही पाण्यावर तरंगतो, कारण तो जेवढं पाणी बाजूला सारतो त्यापेक्षा वजनाने हलका असतो. तरंगताना नळी ताणली जाते, सुटते आणि गॅस सुटतो.

म्हणून गल्लीत पाणी चढू लागलं की उंबऱ्यापर्यंत यायची वाट बघू नका. रेग्युलेटर काढा, टोपी घट्ट लावा, बाटला उभा ठेवून खिडकीच्या गजाला किंवा खांबाला दोरीने बांधा. रेग्युलेटर आणि शेगडी माळ्यावर टाका. रेग्युलेटरच्या वर एक बारीक भोक असतं, त्यातून चिखलपाणी आत गेलं की दाब सांभाळणारा आतला पडदा नीट चालत नाही आणि शेगडीकडे जाणारा दाब बिघडतो. बाहेरून पुसून तो नवा दिसेल, पण वापरू नका. पुरात भिजलेला रेग्युलेटर एजन्सीत देऊन दुसरा घ्या, नळी नवी घाला, आणि पहिल्यांदा शेगडी लावण्याआधी मेकॅनिकला घरी बोलवा.